होकार कोणी दिला?

जेवणाच्या सुट्टीत शेजारचा सहकारी संगणकाची स्क्रीन लॉक करून उठला आहे. तेवढ्यात कोणी एक येऊन त्याच्या खुर्चीत बसतो. या पाहुण्याला पासवर्ड ठाऊक नाही, आणि तो शोधून काढायच्या भानगडीतही तो पडत नाही. वाकून संगणकामागची नेटवर्कची केबल काढतो, तिच्या जागी स्वतःच्या लॅपटॉपची केबल लावतो, रकान्यात १२३४ टाइप करतो आणि एंटर मारतो. स्क्रीन उघडते. आत सहकाऱ्याची मेल, अर्धवट लिहिलेला अहवाल, सगळं जिथल्या तिथे.

यात पासवर्ड फुटलेला नाही, एन्क्रिप्शन मोडलेलं नाही की व्हायरस शिरलेला नाही. संगणकाने पासवर्ड रीतसर तपासला, त्यामागचं गणित बिनचूक होतं आणि उत्तर ‘बरोबर’ असंच आलं. कर्बेरॉस या लॉगिन-व्यवस्थेवर काम करणारे लोक या डावाला ‘झानारोटी हल्ला’ म्हणतात. तो साधतो याचं कारण एवढंच, की पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने उत्तर ऐकलं, पण उत्तर देणाऱ्याची ओळख विचारली नाही.

हा प्रश्न विसरणं इतकं सोपं का आहे, हे समजायला कर्बेरॉसच्या मुळाशी जावं लागतं. १९८३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. विद्यार्थ्याने कुठल्याही इमारतीतल्या कुठल्याही वर्कस्टेशनसमोर बसावं आणि त्याच्या फायली, त्याची मेल, प्रिंटर हे सगळं त्याला तिथेच मिळावं, अशी कल्पना होती. तोवर प्रत्येक संगणक आपापली पासवर्डची यादी बाळगून असे. शेकडो वर्कस्टेशनांवर हजारो विद्यार्थ्यांच्या याद्या ठेवणं अशक्य, आणि पासवर्ड नेटवर्कवरून जसाच्या तसा पाठवणं म्हणजे तारेवर कान लावून बसलेल्या कोणालाही तो आयता देणं. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली यावर एक तोड मांडली होती: दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला तिसरा एक सर्व्हर ठेवायचा. ती उचलून स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी कर्बेरॉसची चौथी आवृत्ती रचली. पाचवी १९९३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनेही तीच स्वीकारली. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कंपनीत सकाळी डोमेनला लॉगिन होणारा माणूस बहुतेक वेळा कर्बेरॉसच वापरत असतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो, तो असायची गरजही नाही.

(कर्बेरॉस असं का घडवलं, याची कथा बिल ब्रायंट यांनी १९८८ साली चार प्रवेशांच्या संवादात लिहिली. अथीना आणि युरिपिडिस ही त्यातली दोन पात्रं. एक जण योजना मांडतो, दुसरा तिच्यात भोक पाडतो. ज्यांना पुढचं सगळं रुक्ष वाटेल त्यांनी तो संवाद जरूर वाचावा. संगणकाच्या सुरक्षेवर इतकं खेळकर लिखाण फार थोडं आहे.)

आता लॉगिन होताना नेमकं काय घडतं ते जरा जवळून पाहू. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाइप करता. संगणक पासवर्ड कोणालाच पाठवत नाही. तो त्यात तुमचं नाव आणि तुमच्या संस्थेच्या क्षेत्राचं नाव मिसळतो, ते मिश्रण एका गणिती चरकातून सहसा ४०९६ वेळा काढतो आणि त्यातून एक किल्ली तयार करतो. मधल्या सर्व्हरला, ज्याला सगळे केडीसी म्हणतात, तो निरोप धाडतो: अमुक व्यक्ती लॉगिन होते आहे, तिकीट द्या. आजकाल त्या निरोपासोबत त्या क्षणाची वेळही तुमच्या किल्लीने एन्क्रिप्ट करून जोडलेली असते. केडीसीकडे तुमची किल्ली आधीपासून नोंदलेली आहे. तो उत्तरादाखल दोन वस्तू पाठवतो. पहिली तुमच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली, तिच्यात आजच्या दिवसापुरती एक तात्पुरती किल्ली. दुसरी म्हणजे तिकीट, आणि ते केडीसीच्या स्वतःच्या गुप्त किल्लीने एन्क्रिप्ट केलेलं. तुमच्या संगणकाला हे तिकीट उघडून पाहता येत नाही. ते जपून ठेवायचं आणि पुढे फाइल सर्व्हर, मेल सर्व्हर यांच्यासाठी वेगळी तिकिटं मागताना केडीसीला दाखवायचं, एवढंच.

पहिली वस्तू तुमच्या पासवर्डातून काढलेल्या किल्लीने उघडली, की संगणक म्हणतो, पासवर्ड बरोबर.

गडबड या वाक्यात आहे. वस्तू उघडली यावरून एवढंच सिद्ध होतं, की टाइप करणाऱ्याला आणि उत्तर पाठवणाऱ्याला एकच गुपित ठाऊक आहे. उत्तर खऱ्या केडीसीने पाठवलं असेल तर पासवर्ड खरा. पण टाइप करणारा आणि उत्तर पाठवणारा एकच माणूस असेल तर? पाहुण्याच्या लॅपटॉपवर त्याने स्वतः उभा केलेला केडीसी चालू होता. क्षेत्राचं नाव तेच, आयपी पत्ता तोच, सहकाऱ्याच्या नावाचं खातंही होतं. त्या खात्याचा पासवर्ड मात्र पाहुण्याने ठरवलेला: १२३४. लॉक झालेल्या स्क्रीनने १२३४ पासून किल्ली काढली, लॅपटॉपने १२३४ पासून काढलेल्या किल्लीने उत्तर एन्क्रिप्ट केलं. दोन्ही जुळल्या. त्या न जुळत्या तरच नवल.

लग्नाच्या स्थळाची चौकशी करायला निघालेल्या माणसाने मुलाकडच्यांनीच सुचवलेल्या ‘शेजाऱ्या’ला भेटून परत यावं, तसा हा प्रकार. शेजारी छानच सांगणार.

मग कर्बेरॉस रचणाऱ्या हुशार मंडळींच्या हे लक्षात आलं नव्हतं का? माझ्या मते इथे त्यांच्यावर अन्याय होतो. अथीनाच्या वर्कस्टेशनवर राखण्यासारखं काही नव्हतंच. ते सार्वजनिक यंत्र, समोर बसलेल्याच्या पूर्ण ताब्यात आहे असंच धरून चालायचं. फायली सर्व्हरवर, मेल सर्व्हरवर. खोट्या केडीसीकडून कोणी वर्कस्टेशनवर ‘लॉगिन’ झालं, तरी त्याच्या हाती आलेलं तिकीट खरा फाइल सर्व्हर फेकून देणार, कारण ते खऱ्या किल्लीने बनलेलं नाही. कर्बेरॉस हे सर्व्हरला ओळख पटवून देण्याचं साधन होतं. लोकांनी पुढे त्याचा वापर पासवर्ड तपासायचं यंत्र म्हणून सुरू केला: स्क्रीन लॉक, सुडो, कंपनीच्या वेबसाइटवरचा लॉगिनचा फॉर्म, मेल सर्व्हर, व्हीपीएनची पेटी. या सगळ्यांत तिकिटाचा पुढे काही उपयोग होत नाही. नाव-पासवर्ड घ्यायचा, केडीसीला विचारायचं, हो म्हणाला की दार उघडायचं आणि तिकीट टाकून द्यायचं. जी तपासणी पुढच्या सर्व्हरवर आपोआप व्हायची, ती या वाटेवर होतच नाही.

उपाय साधा आहे. विचारणाऱ्या यंत्राकडेही स्वतःचं एक गुपित हवं, जे फक्त त्याला आणि खऱ्या केडीसीला माहीत आहे. केडीसीमध्ये माणसांसारखीच यंत्रांचीही खाती असतात. त्या खात्याची किल्ली यंत्रावर ज्या फायलीत ठेवतात तिला कीटॅब म्हणतात. युनिक्स-लिनक्सच्या यंत्रांवर ती बहुधा इटीसी फोल्डरात असते आणि रूट या सर्वाधिकारी खात्याखेरीज ती कोणाला वाचता येऊ नये, अशी व्यवस्था असते.

एमआयटीच्या कर्बेरॉस लायब्ररीत याच कामासाठी एक फंक्शन आहे: केआरबी५_व्हेरिफाय_इनिट_क्रेड्स. लॉगिनमधून मिळालेलं तिकीट त्याच्या हाती द्यायचं. मग ते जे करतं ते पाहण्यासारखं आहे. ते कीटॅब उघडून आपल्या यंत्राच्या खात्याचं नाव काढतं. नुकतंच मिळालेलं तिकीट दाखवून केडीसीकडे दुसरं एक तिकीट मागतं, आणि तेही कशाचं, तर ज्या यंत्रावर आपण बसलो आहोत त्याच यंत्राच्या सेवेचं. ते आलं, की क्लायंट बनून त्या तिकिटाचा रीतसर अर्ज तयार करतं, आणि लगेच सर्व्हर बनून, कीटॅबमधल्या किल्लीने, स्वतःचाच अर्ज स्वतः उघडून पाहतं. अर्ज नेटवर्कवर कुठेच जात नाही. एकाच फंक्शनच्या पोटात दोन्ही भूमिका उरकतात.

खोटा केडीसी इथे अडकतो. पहिलं तिकीट त्याने १२३४ च्या जोरावर दिलं, दुसरंही देईल, कारण आजची तात्पुरती किल्ली त्यानेच तयार केली आहे. पण दुसरं तिकीट यंत्राच्या किल्लीने एन्क्रिप्ट व्हायला हवं, आणि ती त्याच्याकडे नाही. काहीतरी किल्ली वापरून तो तिकीट पाठवेल. फंक्शन ते कीटॅबने उघडायला जाईल, ते उघडणार नाही आणि लॉगिन नाकारलं जाईल.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. संपत नाही, कारण या फंक्शनचा एक स्वभाव आहे. कीटॅब फाइल नसेल, रिकामी असेल, वाचता येत नसेल किंवा तिच्यात हव्या त्या नावाची नोंद नसेल, तर एमआयटीच्या लायब्ररीत ही पडताळणी डिफॉल्टने सोडून दिली जाते आणि फंक्शन सांगतं: यशस्वी. पडताळणी झालीच पाहिजे, नाहीतर नकार द्या, असं हवं असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तसा पर्याय वेगळा द्यायचा, किंवा ॲडमिनने कर्बेरॉसच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘व्हेरिफाय_एपी_रेक_नोफेल’ ही ओळ घालून ती ‘ट्रू’ करायची.

बाजू लायब्ररीचीही आहे. ज्या घरगुती लॅपटॉपवर कीटॅब असण्याचं कारणच नाही, तिथे प्रत्येक लॉगिन बंद पाडणं हा काही तोडगा नव्हे. पण मला हा डिफॉल्ट उलटा वाटतो. तपासणी झाली आणि उत्तीर्ण, तपासणी झालीच नाही, या दोन गोष्टींसाठी एकच उत्तर देणारं फंक्शन बोलावणाऱ्याला फसवतं, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. सोलारिस या युनिक्स-व्यवस्थेच्या कर्त्यांनी हीच ओळ उलट ठेवली. तिथे ती लिहिली नसेल तर ‘ट्रू’ समजली जाते, आणि ‘फॉल्स’ केल्यास यंत्र फसवणुकीला उघडं पडतं असा इशारा त्यांच्या माहितीपुस्तिकेत आहे. लायब्ररी एकाच घराण्यातली, प्रश्न तोच, आणि उत्तरं दोन टोकांची.

परवानग्यांचा घोळ यात भर घालतो. कीटॅब फक्त रूटला वाचता यावी हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण स्क्रीन लॉकचा प्रोग्रॅम चालतो साध्या वापरकर्त्याच्या नावाने, वेबसाइटचा चालतो वेब सर्व्हरच्या नावाने. त्यांना ती फाइल उघडता येत नाही. मग पडताळणी सोडून दिली जाते आणि उत्तर येतं ‘यशस्वी’. म्हणजे एका जागी नीट घातलेलं कुलूप दुसऱ्या जागेचं दार मोकळं करतं. यावर वाट आहे: वेबसाइटला तिच्या स्वतःच्या सेवेचं वेगळं खातं आणि वेगळी कीटॅब द्यायची, किंवा पडताळणीचं काम रूट म्हणून चालणाऱ्या छोट्या मदतनीस प्रोग्रॅमकडे सोपवायचं. दोन्ही कामं किचकट नाहीत. पण त्यांच्याविना लॉगिन व्यवस्थित ‘चालत’ असतं, त्यामुळे ती कोणाला आठवत नाहीत.

पायथन वापरणाऱ्यांत प्रचलित असलेली एक कर्बेरॉस लायब्ररी ॲपलच्या कॅलेंडर सर्व्हरच्या कामातून आली. तिच्यात ‘चेकपासवर्ड’ नावाचं फंक्शन आहे. नाव इतकं सरळ, की घाईतला माणूस तेच उचलणार. त्या फंक्शनच्या वर्णनातच बजावून ठेवलं आहे, की हे खोट्या केडीसीला फसतं, फक्त चाचणीपुरतं वापरा, खऱ्या कामाच्या ठिकाणी नको. अपाचे वेब सर्व्हरच्या जुन्या कर्बेरॉस मॉड्यूलमध्ये उलट प्रकार होता: पडताळणी डिफॉल्टने चालू, आणि ती बंद करण्याचा एक पर्याय, ‘केवळ चाचणीसाठी’ अशा टिपेसह. असा पर्याय कधी वापरला जातो? कीटॅबची भानगड सुटत नसते, सोमवारी साइट सुरू व्हायची असते, आणि एक ओळ बदलली की सगळं चालायला लागतं, तेव्हा. चाचणी संपल्यावर ती ओळ परत बदलायची आठवण कोण ठेवतो?

ही चूक फक्त होतकरू प्रोग्रॅमरांची आहे असं समजू नये. २०२० आणि २०२१ मध्ये सिल्व्हरफोर्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सिस्कोच्या एएसए, पालो आल्टोच्या पॅन-ओएस, आयबीएमच्या क्यूरडार आणि एफ५ च्या बिग-आयपी या उत्पादनांत नेमकी हीच फट दाखवून दिली. यातल्या बहुतेक वस्तू कंपन्यांच्या नेटवर्कच्या वेशीवर पहारा देण्यासाठीच विकत घेतल्या जातात. त्या केडीसीला पासवर्ड विचारत आणि होकार मिळाला की आत सोडत. होकार कोणाचा, हे पाहत नव्हत्या. सिस्कोच्या बाबतीत नवं सॉफ्टवेअर चढवणं पुरेसं नव्हतं. पेटीला तिची स्वतःची कीटॅब नेऊन द्यावी लागली आणि पडताळणीचा पर्याय चालू करावा लागला. गुपित बाहेरून आणून दिल्याशिवाय कोणताही पॅच ते पैदा करू शकत नाही.

विंडोजची गोष्ट अधिक चटकदार आहे. डोमेनमध्ये सामील केलेल्या प्रत्येक विंडोज संगणकाला स्वतःचं खातं आणि स्वतःचा पासवर्ड मिळतो. तो सहसा दर ३० दिवसांनी, कोणाला न विचारता, आपला आपण बदलतो. म्हणजे कीटॅबचा प्रश्न तिथे जन्मतःच सुटलेला. लॉगिन होताना विंडोज स्वतःच्याच यंत्राचं तिकीट मागून घेतं आणि खोटा डोमेन कंट्रोलर, म्हणजे विंडोजच्या जगातला केडीसी, तिथे उघडा पडतो. तरीही २०१५ साली इयन हेकन या संशोधकाने यातून वाट काढली.

हेकन यांचा विचार होता चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा. डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली, पण सुरू करताना पिन मागत नाही, थेट लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत जाते. त्यांनी त्याच नावाचा खोटा डोमेन कंट्रोलर उभा केला, मालकाच्या नावाचं खातं काढलं, त्याला आपला पासवर्ड दिला आणि एक खुबी केली: तो पासवर्ड मुदत संपलेला ठेवला. लॉगिन करायला गेल्यावर विंडोजने सांगितलं, मुदत संपली, नवा पासवर्ड ठरवा. ठरवला. सर्व्हरने बदल मान्य केला, आणि विंडोजने तत्परतेने तो नवा पासवर्ड स्वतःच्या आतल्या साठ्यातही नोंदवून घेतला. प्रवासात नेटवर्क नसतानाही मालकाला लॉगिन करता यावं म्हणून ठेवलेला हा साठा. यानंतर खोट्या सर्व्हरच्या आधारे लॉगिन केलं असतं तर यंत्राच्या खात्याची पडताळणी आडवी आली असती. ते केलंच नाही. केबल काढून टाकली. आता नेटवर्क नाही, केडीसी नाही, म्हणून विंडोजने आतल्या साठ्याला विचारलं, आणि साठ्यात चोराचाच पासवर्ड होता. लॅपटॉप उघडला.

लॉगिनच्या दारावर पहारा होता. पासवर्ड बदलण्याचं दार त्याच खोलीत उघडतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या नोव्हेंबरात दुरुस्ती दिली.

लायब्ररीच्या पोटातली चूक वेगळीच. स्टॉकहोममध्ये तयार झालेली हाइमडाल ही कर्बेरॉसची दुसरी मोठी लायब्ररी. २०१७ साली तिच्यात ‘ऑर्फियस लायर’ नावाने गाजलेला दोष सापडला. केडीसीच्या उत्तरात सेवेचं नाव दोन ठिकाणी असतं, एक एन्क्रिप्ट केलेल्या भागात आणि एक उघड्या भागात. हाइमडाल उघड्या भागातलं नाव घेत होती, जे वाटेत कोणीही बदलू शकतो. वीस वर्षांहून अधिक काळ ती तशी चालत राहिली, कारण खऱ्या केडीसीशी बोलताना दोन्ही नावं सारखीच असतात. चुकीच्या जागचं नाव वाचलं, तरी उत्तर बरोबरच येत असे.

आपल्या कचेरीतला एखादा प्रोग्रॅम ही पडताळणी करतो की नाही, हे पाहायला खोटा केडीसी उभारायची गरज नाही. चाचणीच्या यंत्रावर कीटॅब फायलीचं नाव तात्पुरतं बदलायचं आणि त्या प्रोग्रॅममध्ये नेहमीसारखं लॉगिन करायचं. नकार आला तर ठीक. लॉगिन झालं, तर तो प्रोग्रॅम कीटॅबकडे बघतच नव्हता, किंवा ती नसल्याचं त्याला काही वाटत नाही. नंतर ‘नोफेल’ची ओळ ‘ट्रू’ करून, सुट्टीच्या आदल्या दिवशी अर्थातच नव्हे, एकेका यंत्रावर ती लावत जायचं. कोणत्या यंत्रांवरून तक्रारींचे फोन येतात ते वहीत लिहून घ्यावं. तेवढ्या यंत्रांना कीटॅब द्यायची राहिली आहे.